शक्य क्षेत्राच्या कडा : रेषीय प्रायोजन आणि उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर येथील उत्पादन-निर्णय

रेषीय प्रायोजनाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे, पहिल्या प्रकरणात एक सुतार भेटतोच. तो टेबले व खुर्च्या करतो. त्याच्यापाशी अमुक घनफूट लाकूड आणि अमुक तास मजुरी असते. टेबलामागे त्याला इतके रुपये सुटतात, खुर्चीमागे तितके. विद्यार्थ्याने आलेखकागदावर दोन रेषा ओढायच्या, त्यांच्या आतली जागा छायांकित करायची आणि तिच्या कोणत्या कोपऱ्यावर नफा सर्वाधिक होतो ते सांगायचे. सुताराला गाव नसते, शेजारी नसतात; त्याचा भुसा कोठे जातो हे कोणी विचारीत नाही. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात या सुताराचे भाऊबंद शेकड्यांनी काम करतात. त्यांच्यापैकी एकाही दुकानात पाठ्यपुस्तकातील कोष्टक जसेच्या तसे भरता येणार नाही, आणि ते का भरता येणार नाही हा प्रश्न गणिताचा जितका आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

पाठ्यपुस्तकातील विवेचन चुकीचे आहे असा येथे आक्षेप नाही. त्यातील प्रत्येक वाक्य खरे असते. आक्षेप आहे तो क्रमावर आणि भरावर. मर्यादा दिलेल्या आहेत असे गृहीत धरून सारे लक्ष उत्तर काढण्याच्या रीतीवर खर्च होते. मर्यादा कोणी लिहिली, कोणाच्या नावे लिहिली आणि कोणती लिहायची राहून गेली, या प्रश्नांना प्रकरणाच्या शेवटी चार ओळी मिळतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शेजारी गावांतील उद्योगांकडे पाहिले की हा क्रम उलटा करावा लागतो.

विषयाच्या जन्मकथेत या दोषाचे मूळ आहे. १९३९ साली लिओनिद कांतोरोविच यांनी लेनिनग्राडमध्ये उत्पादनाचे संघटन व नियोजन यांच्या गणिती रीतींवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला निमित्त झाले होते प्लायवूडच्या एका ट्रस्टने विचारलेल्या यंत्रवाटपाच्या प्रश्नाचे. त्यालिंग कूपमान्स यांचे काम महायुद्धकाळातील जहाजवाहतुकीच्या वेळापत्रकांतून निघाले. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ साली अमेरिकन वायुदलासाठी सिम्प्लेक्स रीती सिद्ध केली. ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ या नावातील ‘प्रोग्रॅम’ हा शब्द संगणकाच्या आज्ञावलीचा नसून लष्करी पुरवठ्याच्या आराखड्याचा आहे, हे आजच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते. ट्रस्ट, जहाजांचे ताफे, वायुदल : तिन्ही ठिकाणी निर्णय घेणारे केंद्र एक होते, साधनसामग्री त्या केंद्राच्या ताब्यात होती आणि मर्यादांची यादी त्याच्याच दप्तरात होती. पुढे तेलशुद्धीकरण कारखान्यांनी ही रीती तत्काळ उचलली, याचेही कारण हेच.

या तीन गावांच्या परिसरात अशा जातीचे उद्योग झाले नाहीत असे नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अंबरनाथला आलेला विमकोचा काडेपेटीचा कारखाना, तेथीलच आयुधनिर्माणी, १९५० च्या दशकात शहाडला उभा राहिलेला सेंच्युरी रेयॉनचा धाग्याचा कारखाना, ही एका छताखालील आणि एका दप्तरातील उत्पादनाची उदाहरणे होत. तेथे पाठ्यपुस्तकाचा सुतार मोठ्या आकारात सापडतो. (आयुधनिर्माणीत उद्दिष्ट नफ्याचे नसे, तेथे ठरलेली मागणी किमान खर्चात पुरी करायची असे, पण तेवढ्याने गणित बदलत नाही.) मात्र या पट्ट्यातील उत्पादनाचा मोठा भाग अशा कारखान्यांत होत नाही.

उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेले गाव. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कँपच्या बराकींत त्यांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. गावाचे विभाग आजही कँप क्रमांक एक ते पाच असेच ओळखले जातात. बराकीच्या खोलीत सुरू झालेला धंदा खोलीच्या मापानेच वाढला. जीन्सचा व्यवसाय घेतला तर कापड एकीकडे कापले जाते, शिलाई दुसरीकडे होते, धुलाई तिसरीकडे, आणि धागे कापणे, बटणे बसविणे, इस्त्री करून बांधणी करणे ही कामे आणखी कोठे. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही जुनी थट्टा या मालाच्या खपाविषयी पुष्कळ सांगते. त्याच्या उत्पादनरचनेविषयी मात्र काहीच सांगत नाही.

अशा व्यवसायातील एक कारखानदार उदाहरणादाखल घेऊ. पुढील आकडे केवळ विवेचनासाठी कल्पिलेले आहेत. तो दोन वस्तू करतो, पँट आणि जॅकेट. पँटला १.२ मीटर कापड व अर्धा तास शिलाई लागते, जॅकेटला १.८ मीटर कापड व सव्वा तास शिलाई. आठवड्याला त्याच्यापाशी १८०० मीटर कापड आणि १००० तास शिलाई उपलब्ध आहे. कापड, मजुरी व इतर खर्च वजा जाता पँटमागे ६० रुपये व जॅकेटमागे १२० रुपये उरतात. नुसत्या पँट केल्या तर कापड १५०० नगांवर संपते आणि ९०,००० रुपये सुटतात. जॅकेटमागची रक्कम दुप्पट म्हणून नुसती जॅकेटे केली तर शिलाई ८०० नगांवर संपते आणि ९६,००० रुपये सुटतात. दोन्ही मर्यादा एकाच वेळी पुऱ्या वापरणारा कोपरा म्हणजे ७५० पँट व ५०० जॅकेटे. तेथे १,०५,००० रुपये सुटतात आणि त्याहून अधिक सुटणे शक्य नाही.

येथे पाठ्यपुस्तक थांबते आणि विद्यार्थी उत्तराखाली दोन रेघा मारतो. वास्तविक उपयोगाची गोष्ट येथून सुरू होते. आणखी एक मीटर कापड मिळाले तर एकूण नफा किती वाढेल? गणित करून पाहिल्यास २५ रुपये. शिलाईचा आणखी एक तास मिळाला तर? ६० रुपये. या रकमा बाजारभावाच्या वर आहेत : कापडाची किंमत व कारागिराची मजुरी आधीच वजा झालेली आहे. यांनाच छाया-किंमती म्हणतात. १८०० मीटरला २५ आणि १००० तासांना ६० या दरांनी मोल लावले तर बेरीज बरोबर १,०५,००० होते. सारा नफा मर्यादांच्या खात्यावर पुरा वाटला जातो, काही उरत नाही. द्वैताचा हा सिद्धांत गेल, कून व टकर यांनी १९५१ साली सिद्ध करून प्रसिद्ध केला. परंतु कल्पना कांतोरोविच यांच्या १९३९ च्या पुस्तिकेत ‘निर्णायक गुणक’ या रूपाने आलेली होती. साधनांना असे मोल लावणे ही गोष्ट त्यांच्या देशातील तत्कालीन अर्थशास्त्राला मानवली नाही आणि त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १९५९ साल उजाडावे लागले, हा इतिहास पाहता गणितातील सर्वांत स्फोटक भाग कोणता होता याविषयी शंका राहत नाही. १९७५ साली कांतोरोविच व कूपमान्स यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते साधनांच्या इष्टतम वाटपाच्या सिद्धांताबद्दल.

उल्हासनगरच्या कारखानदाराला ७५० आणि ५०० या आकड्यांची गरज फारशी नसते. कोणता माल किती काढायचा याचा त्याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सवयीने या आकड्यांच्या आसपासच येत असावा. शिलाईच्या तासाचे ६० रुपये हा आकडा मात्र त्याला सवयीने सापडत नाही. बाहेरच्या कारागिराकडून मजुरीवर काम करून घेताना नेहमीच्या दरावर किती जादा देणे परवडेल, याचे उत्तर त्या आकड्यात आहे : तासाला ६० रुपयांपर्यंत. त्यापलीकडे दिले तर तोटा. आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. मजुरीवर शिलाई विकत मिळते याचा अर्थ १००० तास ही मर्यादा खरी नव्हतीच. ती केवळ दराची एक पायरी होती. ज्या गावात प्रत्येक प्रक्रिया शेजारच्या गल्लीत विकत मिळते तेथे एका कारखान्याचे शक्य क्षेत्र काढताना त्याच्या बहुतेक कडा पुसट निघतात. एकाची शिल्लक दुसऱ्याची मर्यादा सैल करते. कोष्टकातील ओळ कोणाची हे ठरविल्याखेरीज तिचा उजवा आकडा लिहिता येत नाही.

अंबरनाथला गाडी बदलते तसा प्रश्नही बदलतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्यानंतर येथे व बदलापूरला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत रसायनांचे लहान व मध्यम कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतील अनेक कारखाने सतत वाहत्या प्रक्रियेवर चालत नाहीत, घाणीगणिक म्हणजे बॅचने चालतात. रेषीय प्रायोजनाचे एक गृहीत असे की प्रत्येक कृती हवी तितकी विभागता येते. साडेतीनशे पँटऐवजी साडेतीनशे आणि तिसरा हिस्सा पँट असे उत्तर आले तर कोणाचे काही बिघडत नाही. बॅचचे तसे नाही. एक कल्पित कारखाना घेऊ. पहिल्या रसायनाच्या बॅचला रिॲक्टर ४ दिवस व ड्रायर २ दिवस लागतो; दुसऱ्याच्या बॅचला रिॲक्टर ३ दिवस व ड्रायर ४ दिवस. महिन्यात रिॲक्टर २४ दिवस आणि दुरुस्तीमुळे ड्रायर २१ दिवस मिळतो. बॅचमागे अनुक्रमे ६० हजार व ५० हजार रुपये सुटतात. रेषीय उत्तर येते ३.३ आणि ३.६ बॅच, नफा ३ लाख ७८ हजार. अपूर्णांक सोडून ३ आणि ३ बॅच घेतल्या तर नफा ३ लाख ३० हजार. अपूर्णांक वर चढवावेत तर एक ना दुसरी मर्यादा मोडते. पूर्णांकांतील सर्वोत्तम उत्तर मात्र यांपैकी कोणत्याही उत्तराच्या शेजारी नाही. ते आहे पहिल्या रसायनाच्या ६ बॅच आणि दुसऱ्याची एकही नाही, नफा ३ लाख ६० हजार.

म्हणजे रेषीय गणिताने दोन्ही माल जवळपास सम प्रमाणात काढावयास सांगितले आणि वस्तुस्थितीने एक माल साफ बंद करावयास सांगितले. दोन रसायनांच्या मध्ये रिॲक्टर धुण्यात जाणारा वेळ या हिशेबात धरलेलाच नाही. तो धरला तर एकाच मालाकडे कल अधिक झुकेल. पूर्णांक प्रायोजनाची पहिली व्यवस्थित रीती राल्फ गोमोरी यांनी १९५८ साली दिली, आणि आज संगणकाला असले प्रश्न क्षणार्धात सोडविता येतात. तरीही प्रारंभिक अभ्यासक्रमात ‘उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्यावे’ हे वाक्य निर्धास्तपणे शिकविले जाते. हजारो नगांच्या धंद्यात ते निरुपद्रवी आहे. महिन्याला सहा बॅच काढणाऱ्या धंद्यात ते महिन्याला ३० हजार रुपयांना पडते.

तिसरी उणीव या दोन्हींहून मोठी आहे, आणि ती समजण्यासाठी या तिन्ही गावांचे पाणी पाहावे लागते. बदलापूरजवळचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीत येते आणि जांभूळ येथे उचलून शुद्ध करून कारखान्यांना व शहरांना दिले जाते. पाण्याला दर आहे, मीटर आहे, टंचाईच्या वर्षी कपातही आहे. म्हणून प्रत्येक कारखान्याच्या कोष्टकात पाण्याची ओळ असते. वापरलेल्या पाण्याची वाट निराळी. अंबरनाथच्या ज्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, त्या मंदिराच्या काठाने वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरमधून जाऊन कल्याणजवळ उल्हासला मिळते. या नदीने अंबरनाथचे व उल्हासनगरचे सांडपाणी दशकानुदशके वाहून नेले. कारखान्याच्या कोष्टकात तिची ओळ नव्हती. ओळच नसल्यावर छाया-किंमत शून्यच येणार. गणिताने यात काहीही चूक केली नाही; त्याला जे सांगितले नाही ते त्याने धरले नाही.

मधल्या काळात ती ओळ बाहेरून लिहिली गेली. २०१४ च्या नोव्हेंबरात वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे विषारी वायू पसरून उल्हासनगरात शेकडो रहिवासी आजारी पडले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने या दोन नद्यांच्या प्रदूषणाबद्दल सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व नगरसंस्था यांच्यावर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसविली. त्यानंतरच्या वर्षांत उल्हासनगरातील जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली. काही बंद पडले, काही आसपासच्या ग्रामीण भागात सरकले.

वरील जीन्सच्या उदाहरणात ही ओळ घालून पाहावी. पँट असो वा जॅकेट, धुलाईला नगामागे ८० लिटर पाणी लागते असे धरू. ७५० व ५०० नगांच्या योजनेत आठवड्याला १ लाख लिटर सांडपाणी होते. आता आठवड्याला ७०,००० लिटरहून अधिक सोडता येणार नाही असा नियम झाला. नवे उत्तर येते १२५ पँट व ७५० जॅकेटे, नफा ९७,५०० रुपये. नफा साडेसात हजारांनी, शेकडा सातच्या थोडा वर, घटला. कारखानदार ओरडेल परंतु मरणार नाही. उत्पादनाचे स्वरूप मात्र पार पालटले. पँटचे काम सहाव्या हिश्श्यावर आले. कापड ३०० मीटर शिल्लक राहिले आणि त्याची छाया-किंमत २५ रुपयांवरून शून्यावर उतरली. शिलाईच्या तासाची ६० वरून ८० झाली. एका नदीच्या रक्षणाचा परिणाम प्रथम पँट शिवणाऱ्यांच्या कामावर आणि कापडवाल्याच्या उधारीवर दिसतो, कारखानदाराच्या नफ्यावर त्या मानाने कमी, ही गोष्ट नुसत्या नफ्याच्या आकड्याकडे पाहून कळत नाही.

या योजनेत सांडपाण्याची छाया-किंमत हजार लिटरला २५० रुपये येते. ती ६४,००० लिटरपासून १ लाख लिटरपर्यंत तशीच राहते. एक लाखाच्या वर ती शून्य होते. ६४,००० च्या खाली ती एकदम हजार लिटरला १५०० रुपयांवर उडी घेते, कारण तेथे केवळ जॅकेटेच उरतात आणि प्रत्येक ८० लिटर पाण्याबरोबर १२० रुपये बुडतात. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. हजार लिटर पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा खर्च २५० रुपयांच्या आत असेल तर कारखानदार ते काम कोणी न सांगता करील. खर्च ४०० असेल तर सौम्य नियमाखाली करणार नाही, कडक नियमाखाली करील. आणि संपूर्ण बंदी घातली, म्हणजे उजवा आकडा शून्य केला, तर चोरून सोडलेल्या प्रत्येक हजार लिटरचे मोल त्याला १५०० रुपये होते. छाया-किंमत ही मोहाचेही माप आहे. देखरेख तशीच ठेवून मर्यादा तेवढी आवळली की रात्रीच्या टँकरची किफायत वाढते.

धुलाई उल्हासनगरातून उठून शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेली, यालाही याच भाषेत अर्थ आहे. मर्यादा नदीच्या खोऱ्याच्या नावे न पडता अंमलबजावणीच्या हद्दीच्या नावे पडली. कोष्टकातील एका स्तंभात शून्य लिहिले गेले. शेजारच्या स्तंभात, ज्याचे पाणी त्याच खोऱ्यात उतरते, काहीच लिहिले गेले नाही. उत्पादनाने दुसरा स्तंभ धरला. यात कारखानदाराची नीती काढण्याचे कारण नाही. दिलेल्या मर्यादांत इष्टतम उत्तर काढणे म्हणजे हेच.

मग खोऱ्याची मर्यादा लिहावी कशी? नदी सामायिक आहे; कारखाने शेकडो आहेत, आणि प्रत्येकाचे कापड, शिलाई, रिॲक्टर यांचे आकडे त्याचे त्यालाच ठाऊक. या नेमक्या रचनेसाठी डँटझिग व फिलिप वुल्फ यांनी १९६० साली विघटनाचे तत्त्व मांडले. मध्यवर्ती प्रश्न सामायिक साधनाची किंमत जाहीर करतो. प्रत्येक घटक त्या किमतीला आपापला प्रश्न सोडवून आपली योजना कळवितो. मध्यवर्ती प्रश्न त्या योजनांचा मेळ घालून किंमत सुधारतो. असे फेरे चालतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे तत्त्व मोठ्या कोष्टकांची आकडेमोड सोपी करण्याची युक्ती म्हणून शिकविले जाते. वालधुनीच्या काठावर ते कारभाराची एक रचना म्हणून वाचता येते, आणि ते तसे वाचले म्हणजे त्याच्यातील एक बारकावा ठळक होतो.

वरील जीन्सच्या कारखानदाराला सांडपाण्याचा दर हजार लिटरला २०० रुपये लावला तर तो १ लाख लिटरच सोडील. २६० लावला तर एकदम ६४,००० वर येईल. त्यानंतर दर ५०० करा, १००० करा, १४०० करा; तो एक लिटरही कमी करणार नाही, फक्त पैसे अधिक भरील. रेषीय रचनेतील उत्पादक पायऱ्यांनी हलतो, उताराने नव्हे. ७०,००० लिटर ही जी मर्यादा हवी होती ती कोणत्याही दराने त्याच्याकडून मिळत नाही. २५० रुपयांच्या दराला त्याला १ लाख काय आणि ६४,००० काय, सारखेच. ७०,००० साधायचे तर मध्यवर्ती प्रश्नाने स्वतः वाटा ठरवून द्यावा लागतो : सहा आठवड्यांपैकी एक आठवडा पहिली योजना, पाच आठवडे नुसती जॅकेटे. सरासरी काढली तर १२५ पँट व ७५० जॅकेटे हेच उत्तर मिळते. नुसती किंमत जाहीर करून बाजूला होणारी व्यवस्था आणि नुसती बंदी घालून बाजूला होणारी व्यवस्था, दोन्ही या गणिताने अपुऱ्या ठरतात. शेकडो कारखाने असले तर त्यांच्या पायऱ्या निरनिराळ्या दरांवर येऊन एकूण आलेख बराच गुळगुळीत होतो हे खरे; पण एकाच दिवशी एकाच तऱ्हेची धुलाई करणाऱ्या गल्लीत पायऱ्याही एकाच ठिकाणी येण्याचा संभव अधिक.

अनिश्चिततेचा मुद्दा येथे केवळ नोंदवून ठेवण्यासारखा आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. त्याच नदीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पाणीकपात होते. सांडपाणी पचविण्याची नदीची शक्ती वर्षभर एक आकडा असू शकत नाही, आणि डँटझिग यांनी १९५५ सालीच अनिश्चित मर्यादांचे प्रायोजन मांडलेले आहे. आकडेमोडीची सबब तर केव्हाच संपली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असताना शक्य क्षेत्राच्या कडेकडेने न जाता त्याच्या आतून उत्तराकडे जाणारी रीती दिली; तेव्हापासून लाखो ओळींचे प्रश्नही हाताळता येऊ लागले. तीन गावांतील सारे कारखाने एका कोष्टकात घातले तरी यंत्राला त्याचे ओझे होणार नाही.

ओझे आहे ते आकडे मिळविण्याचे. सामायिक प्रक्रिया केंद्रे सभासद कारखान्यांकडून सामान्यतः सांडपाण्याच्या आकारमानावर व त्यातील दूषकांच्या भारावर आकार घेतात. हा आकार एका बाजूला, त्याच कारखान्याच्या सांडपाण्याची छाया-किंमत दुसऱ्या बाजूला आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा खर्च तिसऱ्या बाजूला, अशी तुलना एकेका व्यवसायासाठी केली पाहिजे. पहिला आकडा केंद्राच्या दरपत्रकात असतो, तिसरा यंत्रसामग्री विकणाऱ्याकडे. दुसरा कोणाच्याही दप्तरात नसतो. तो कारखानदाराच्या कापड, शिलाई, बॅच यांच्या नोंदींतून काढावा लागतो, आणि त्या नोंदी मिळविण्यासाठी एखाद्या प्रबंधाच्या विद्यार्थ्याला विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत स्थानकास्थानकावर उतरावे लागेल. मोसम बदलला की मालाची मागणी व नगामागची रक्कम दोन्ही बदलतात, म्हणून एका भेटीत हे काम होणार नाही. एकदा दिवाळीच्या हंगामापूर्वी आणि एकदा उन्हाळ्यातील कपातीच्या दिवसांत, असे निदान दोनदा जावे लागेल.